रिकामा केला जाणारा तलाव : सूरपटू डॉ. सॅमी ली यांचे चरित्र

खडकवासल्याहून निघालेला मुठेचा जुना उजवा कालवा सुमारे सत्तर मैलांची वाट चालून पाटस स्टेशनानजीकच्या ओढ्यास मिळे, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटियरात आढळते. आगगाडी या भागात १८५८ साली आली. कालव्याचे पाणी त्यानंतर आले. कालवा, भीमेचा डोह आणि मोटेच्या विहिरी ही आपल्या पंचक्रोशीतील मुलांची पोहण्याची शाळा. पाठीशी वाळलेला भोपळा बांधून पाण्यात उतरणारे पोर दोन उन्हाळ्यांत भोपळा सोडते आणि तिसऱ्या उन्हाळ्यात थारोळ्यावरून सूर मारू लागते, हे दृश्य या थडीच्या वृद्धांस नवे नाही. या विद्येची कौतुकाने नोंद करावी, असे मात्र कोणास वाटले नाही. विहिरीत मुटका मारणाऱ्या पोरास आपल्याकडे शाबासकी मिळत नसे. वर येताच पाठीत धपाटा मिळे.

तथापि याच विद्येस जगातील सर्वांत मोठ्या क्रीडासंमेलनात मानाचे स्थान आहे. अमेरिकेतील सेंट लुई येथे १९०४ साली भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांपासून सूर मारण्याच्या स्पर्धा होत आल्या आहेत. स्त्रियांस उंच मनोऱ्यावरून सूर मारण्याची मुभा १९१२ साली स्टॉकहोम येथे मिळाली. या स्पर्धेचे मुख्य प्रकार दोन. तीन मीटर उंचीच्या लवचीक फळीवरून उसळी घेऊन मारावयाचा सूर हा एक, आणि दहा मीटर उंचीच्या अचल मनोऱ्यावरून मारावयाचा सूर हा दुसरा. १९५१ च्या मार्च महिन्यात दिल्लीस पहिले आशियाई सामने भरले, तेव्हा या दोन्ही प्रकारांत भारताच्या के. पी. ठक्कर यांनी सुवर्णपदके मिळविली. सचिन नाग यांच्या शंभर मीटर पोहण्यातील सुवर्णपदकाची आठवण निघते. ठक्करांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. सूर मारणाऱ्याच्या वाट्यास आपल्या देशात हे असेच येते.

आज आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत, तो आपल्या देशाचा नव्हे. डॉ. सॅमी ली हे कोरियातून अमेरिकेत गेलेल्या एका कुटुंबाचे पुत्र. आपल्या समाजाच्या स्मरणिकेत परदेशस्थाचे चरित्र कशास, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात येईल. त्याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे, आणि ते पाण्याशी निगडित आहे.

सॅमी ली यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी कॅलिफोर्निया राज्यातील फ्रेस्नो गावी झाला. आईबापांची मातृभूमी त्या वेळी जपानच्या अमलाखाली होती. १९१० साली गेलेले कोरियाचे स्वातंत्र्य १९४५ पर्यंत परत यावयाचे नव्हते. कुटुंब पुढे लॉस एंजेलिस शहरात येऊन राहिले व तेथे वडिलांनी लहानसे खाद्यगृह चालविले. मुलगा डॉक्टर व्हावा, हा वडिलांचा एकच ध्यास. १९३२ साली लॉस एंजेलिस येथेच ऑलिंपिक सामने भरले. रस्त्यांवर राष्ट्रोराष्ट्रींची निशाणे फडकत होती. ती पाहून बारा वर्षांच्या सॅमीने आपण एक दिवस ऑलिंपिकचा विजेता होणार, असे वडिलांस सांगितले. कोणत्या खेळात, हे त्याचे त्यासही ठाऊक नव्हते. ते लवकरच उमगले. पोहण्याच्या तलावावर एका कृष्णवर्णी मित्राच्या साथीने तो फळीवरून उड्या मारू लागला. मित्र अंगाने थोराड, सॅमी किरकोळ. मित्राच्या वजनाने फळी दबे व उसळे आणि सॅमी हवेत उंच फेकला जाई. अशा खेळातून त्याला कोलांट्यांची गोडी लागली.

जवळच्या पॅसाडिना शहरात ब्रुकसाइड नावाचा मोठा सार्वजनिक तलाव होता. नाव सार्वजनिक, परंतु गोऱ्यांखेरीज इतरांस, म्हणजे कृष्णवर्णी, मेक्सिकन व आशियाई वंशाच्या लोकांस, तेथे आठवड्यातून एकच दिवस प्रवेश मिळे. त्या दिवसास ‘आंतरराष्ट्रीय दिवस’ असे गोंडस नाव दिलेले होते. तो दिवस संपला की तलावाचे पाणी सोडून देत आणि दुसऱ्या दिवशीच्या गोऱ्या मंडळींसाठी नवे पाणी भरीत, असे ली यांनी उत्तरायुष्यात अनेकदा सांगितले आहे.

हे वाचून आपल्यापैकी कोणास महाडची आठवण झाली नाही, तरच नवल. मुंबई विधिमंडळात १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याविषयीचा ठराव संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचे कागदावर मान्य केले. परंतु कागद ओला होत नाही आणि त्याने तहानही भागत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी काय केले? गोमूत्र, शेण, दूध व दही घालून एकशे आठ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. पुढे दहा वर्षे प्रकरण न्यायालयांत चालले आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल दिला.

एका बाजूस पॅसाडिनाचे नगरप्रशासक, दुसऱ्या बाजूस महाडचे सनातनी. त्यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. भाषा वेगळी, धर्म वेगळा. परंतु माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते ही समजूत दोघांचीही एकच. महाडात पाण्यात काही घालून ते शुद्ध करीत आणि पॅसाडिनात ते ओतून टाकून शुद्ध करीत, एवढाच काय तो फरक. आम्हांस तर अमेरिकनांची रीत अधिक खर्चिक वाटते. देशावरच्या बहुतेक गावांत आपल्या वाडवडिलांनी विहिरीवर दुसऱ्याच्या ओंजळीची वाट पाहिली. ज्या पाण्याला हात लावण्याची बंदी, त्यात सूर मारण्याची गोष्ट तर दूरच राहिली. आपल्या समाजात पोहणारे नव्हते असे नाही. नदीला बंदी घालणे कोणास शक्य नव्हते, म्हणून ते नदीत शिकले. पॅसाडिनाचा तलावही पुढे कोर्टकचेऱ्या होऊनच सर्वांस खुला झाला, हेही येथे नमूद करावयास हवे.

ज्यास आठवड्यात एक दिवस पाणी मिळते, त्याने उरलेले सहा दिवस काय करावे? याचे उत्तर जिम रायन नावाच्या शिक्षकाने शोधले. या गृहस्थांचे मन पूर्वीच एकदा दुखावलेले होते. त्यांचा शिष्य इजिप्तचा फरीद सिमायका १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये मनोऱ्यावरील स्पर्धेत प्रथम आला असे जाहीर झाले, आणि मागाहून निकाल फिरवून सुवर्णपदक अमेरिकेच्या पीट देजार्दां यास देण्यात आले. सिमायकाचे एकूण गुण अधिक होते. परंतु बहुसंख्य परीक्षकांनी देजार्दांस पहिला क्रमांक दिला होता, हे कारण. अशा शिक्षकास सॅमी ली हा शिष्य लाभला. रायन यांनी आपल्या परसात खड्डा खणून त्यात वाळू भरली आणि वर फळी बसविली. सॅमीने त्या वाळूत उड्या मारल्या. पाणी चूक पोटात घालते; वाळू घालीत नाही. वाळूत डोक्यावर उतरता येत नसल्याने पायांवर उतरावे लागे आणि त्यासाठी हवेतील फिरकी नेमकी मोजावी लागे. वाळूतून वारंवार उसळावे लागल्याने त्यांचे पाय विलक्षण बळकट झाले. उंचीने जेमतेम पाच फूट दोन इंच असलेला हा तरुण मनोऱ्यावरून इतका उंच कसा उडे, याचे रहस्य पुष्कळांनी त्या वाळूच्या खड्ड्यातच पाहिले आहे.

या ठिकाणी सूर म्हणजे नेमके काय, हे थोडे सांगितले पाहिजे. दहा मीटर म्हणजे सुमारे तेहतीस फूट, तीन मजली घराएवढी उंची. तेथून निघालेला माणूस सुमारे दीड सेकंदात पाण्यास भिडतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरांच्या घरात असतो. या दीड सेकंदात त्याने गुडघे छातीशी घेऊन दोन, अडीच, साडेतीन कोलांट्या घ्यावयाच्या, नेमक्या क्षणी शरीर उलगडावयाचे आणि सुईसारखे उभे पाण्यात शिरावयाचे. शरीर क्षणभर उशिरा उलगडले तर पाठ किंवा पोट पाण्यावर आदळते. या वेगाने पाणी फरशीहून फारसे मऊ नसते. परीक्षक शून्यापासून दहापर्यंत गुण देतात आणि सूर जितका अवघड तितक्या पटीने ते वाढविले जातात. अवघड सूर निवडणाऱ्यास लाभ मोठा. धोकाही तितकाच मोठा. आपल्याकडचा विहिरीचा सूर पाहिला, तर त्यात धाडस पुरेपूर असते, परंतु पाणी न उडविता आत शिरण्याची शिस्त नसते. उलट जितके पाणी काठावर उडेल तितका आपल्या मुटक्याचा मान अधिक.

शाळेत सॅमी ली अभ्यासातही पुढे होते. फ्रँकलिन हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी त्यांस आपला अध्यक्ष निवडले. गोरा नसलेला विद्यार्थी त्या पदावर प्रथमच आला होता. वर्षअखेरीस विद्यार्थ्यांचा नृत्यसमारंभ पॅसाडिनाच्या सभागृहात ठरला. तेथे गोऱ्यांखेरीज कोणासही प्रवेश नव्हता. अध्यक्ष दाराबाहेर आणि विद्यार्थी आत! पुण्याच्या मैदानावर गोलंदाजी करून संघास विजय मिळवून देणाऱ्या पाळवणकर बाळू यांस चहा मात्र मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात मिळे, हा आपल्याकडील वृत्तान्त सर्वश्रुत आहे. गुण घ्यावयाचे आणि गुणवंतास उंबरठ्याबाहेर ठेवावयाचे, ही रीत समुद्राच्या दोन्ही तीरांवर होती.

ऑक्सिडेंटल महाविद्यालयात शिकत असताना १९४२ साली ली यांनी अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा फळी व मनोरा या दोन्ही प्रकारांत जिंकली. परंतु ऑलिंपिक कोठे होते? १९४० व १९४४ ही दोन्ही वर्षे महायुद्धाने गिळली. खेळाडूच्या ऐन उमेदीची वर्षे अशी वाया गेली. १९४३ साली वडील वारले. पुत्राने सूर बाजूस ठेवून वैद्यकाचा अभ्यास धरला, १९४६ साली परत येऊन मनोऱ्यावरील राष्ट्रीय विजेतेपद पुन्हा घेतले आणि १९४७ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरीची पदवी संपादन केली. वडिलांस दिलेले एक वचन पुरे झाले. दुसरे राहिले होते.

ते १९४८ साली लंडनमध्ये पुरे झाले. वेम्बली येथील तलावावर फळीच्या स्पर्धेत ली यांस कांस्यपदक मिळाले. मनोऱ्यावरील स्पर्धेत त्यांनी शेवटी साडेतीन कोलांट्यांचा पुढचा सूर निवडला. त्या काळी तो फार थोडे लोक मारीत. पाण्यात शिरताना आपला सूर फसला, अंग आडवे आदळले, असे त्यांस क्षणभर वाटले. वर येऊन गुणफलक पाहिला तेव्हा सुवर्णपदक आपलेच असल्याचे कळले. त्यांचा देशबंधू ब्रूस हार्लन दुसरा आला आणि मेक्सिकोचा होआकिन कापिया तिसरा.

याच सामन्यांत ली यांची स्नेही व्हिक्टोरिया मनालो ड्रेव्हज हिने फळी व मनोरा या दोहोंत सुवर्णपदके मिळविली. एकाच ऑलिंपिकमध्ये असे करणारी ती पहिली स्त्री. तिचे वडील फिलिपिनो, आई इंग्रज. सॅन फ्रान्सिस्कोत शिकत असताना तिच्या शिक्षकाने तिला वडिलांचे आडनाव लपवून आईचे ‘टेलर’ हे नाव लावावयास सांगितले होते, कारण त्या क्लबात फिलिपिनो मुलीस जागा नव्हती. नाव बदलून शाळेत नोंदविलेली मुले आपल्या समाजातही काही थोडी नाहीत. त्या नावांचे पुढे काय झाले, याची नोंद घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी करून ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

लंडनच्या याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले होते व सहाव्या क्रमांकावर आले होते. चार वर्षांनी हेलसिंकीस दोघेही पुन्हा गेले. खाशाबांसाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून पैसे दिले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतातील व्यक्तीने मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ ऑगस्ट १९५२ रोजी, हेलसिंकीच्या मनोऱ्यावर डॉ. ली चढले. त्या दिवशी त्यांस बत्तीस वर्षे पुरी झाली. ते आता अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय दलात मेजर होते. आईबापांच्या देशात युद्ध चालू असताना आपण खेळावयास जावे काय, हा विचार त्यांच्या मनात घोळत होता. लष्करानेच त्यांस जाण्यास उत्तेजन दिले. सरावास वेळ थोडा, प्रतिस्पर्धी तरुण. कापिया या खेपेस फार जवळ आला, परंतु दुसराच राहिला. जर्मनीचा ग्युंटर हाज तिसरा. मनोऱ्यावरील सुवर्णपदक लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये जिंकणारा पहिला पुरुष म्हणून डॉ. ली यांचे नाव इतिहासात गेले. कापियाने १९५६ साली मेलबर्नला अखेर ते पदक घेतले, तेव्हा ली स्पर्धेत नव्हते.

१९५३ साली अमेरिकेतील उत्कृष्ट हौशी खेळाडूचा सलिव्हन पुरस्कार त्यांस मिळाला. आशियाई वंशाच्या अमेरिकनास तो प्रथमच मिळत होता. त्यानंतर त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून कोरियात सेवा केली. दोन सुवर्णपदके, मेजरचा हुद्दा, डॉक्टरीची पदवी, राष्ट्राचा सर्वोच्च क्रीडासन्मान! आता तरी उंबरठे मोकळे होतील, असे कोणासही वाटेल. परंतु १९५५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील गार्डन ग्रोव्ह येथे ते घर विकत घ्यावयास गेले, तेव्हा गोरा नसलेल्यास घर विकता येणार नाही, असे त्यांस सांगण्यात आले. वृत्तपत्रांत बोभाटा झाला. उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीही ली यांस सहानुभूती दाखविली. अखेर त्यांस ऑरेंज परगण्यात घर मिळाले. आमच्या मते या चरित्रातील हा प्रसंग दोन्ही पदकांहून अधिक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुलगा शिकला, मोठ्या हुद्द्यावर गेला म्हणजे सर्व काही मिटले, असे आपल्यातील पुष्कळ आईबाप मानतात. पुण्यामुंबईस भाड्याची खोली शोधताना ज्यांस आडनाव सांगताच ‘जागा कालच गेली’ असे उत्तर मिळाले आहे, ते गार्डन ग्रोव्हची गोष्ट ऐकून हसतील, आणि ते हसणे आनंदाचे नसेल.

डॉ. ली यांनी कटुता धरून बसणे पसंत केले नाही. कानाचे रोग हा त्यांच्या वैद्यकीचा विशेष विषय. सूर मारणाऱ्याच्या कानावर पाण्याचा केवढा ताण पडतो हे त्यांस स्वानुभवाने ठाऊक होते. १९९० पर्यंत त्यांनी व्यवसाय केला आणि त्याबरोबर शिष्य घडविले. बॉब वेब्स्टर या त्यांच्या शिष्याने १९६० साली रोम येथे व १९६४ साली टोकियो येथे मनोऱ्यावरील सुवर्णपदक जिंकून गुरूचा पराक्रम पुन्हा करून दाखविला.

आपल्याकडील स्थितीचे दोन शब्द येथे लिहिणे प्राप्त आहे. पुण्यास बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने क्रीडासंकुल उभे राहिले व तेथे तलावही झाला. पाटसहून पुणे शहरच सुमारे साठ किलोमीटर. बालेवाडी त्याच्याही पलीकडे. उलट दिशेस आपल्याच लोहमार्गावर सोलापूर आहे. तेथील मुलामुलींनी सूर मारण्यात राष्ट्रीय स्पर्धांतून पदके आणली आहेत. सोलापूरचा ऊन्ह पाटसच्या उन्हाहून सौम्य नाही आणि तेथे पाणी अधिक आहे असेही नाही. तेथे तलाव आहे व शिकविणारे आहेत. भीमथडीची तट्टे एके काळी साऱ्या दख्खनेत नावाजलेली होती. त्या थडीच्या मुलांच्या पायांत उसळी नाही, असे आम्हांस वाटत नाही. कालव्याच्या वाहत्या पाण्यात मात्र कोणी सूर मारू नये. तेथील खोली ठाव देत नाही आणि ओढ दिसत नाही. ज्या घरांनी तेथे मुले गमावली, त्यांस हे सांगावयास नकोच. मुलास बंदी घालून तो पाण्यापासून दूर राहत नाही. त्यास जाणत्या माणसाच्या नजरेखाली पोहावयास शिकविले तरच तो वाचतो. मुलींविषयीही आम्ही हेच म्हणू. व्हिक्टोरिया ड्रेव्हजची गोष्ट त्यांस आवर्जून सांगावी.

डॉ. ली यांचा सर्वांत विख्यात शिष्य ग्रेग लुगॅनिस. सामोअन रक्ताचा हा मुलगा दत्तक गेलेला होता आणि सावळ्या वर्णावरून शाळेत त्याची चेष्टा होई. डॉ. ली यांनी त्यास आपल्या घरी ठेवून शिकविले. १९७६ साली मॉन्ट्रिऑल येथे, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने मनोऱ्यावर रौप्यपदक मिळविले. पुढे दुसऱ्या गुरूच्या हाताखाली त्याने १९८४ व १९८८ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये फळी व मनोरा या दोहोंत सुवर्णपदके जिंकली. डॉ. ली हे सर्व पाहण्यास होते. २ डिसेंबर २०१६ रोजी, शहाण्णव वर्षांचे होऊन, ते कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे निवर्तले. लॉस एंजेलिसच्या एका प्राथमिक शाळेस त्यांचे नाव दिलेले आहे.